खाऱ्या विहिरीचा दावा

६ जानेवारी २०२५. सकाळ.
आज डहाणू कोर्टात केस टाकतो. वकील नको म्हणजे नको. तलासरीला तीस वर्षं सरकारी फायली हाकल्या, दावा काय चीज आहे! शेजारच्या कोळंबीवाल्याच्या तलावांतलं खारं पाणी आमच्या चिखले गावच्या वाडीतल्या विहिरीत झिरपतंय. ते थांबवायचं, वर भरपाई घ्यायची. वाडी बायकोच्या, म्हणजे कविताच्या, वडिलांनी तिच्या नावावर केली आहे, पण दावा माझ्या नावाने. घरचा कर्ता कोण?

आधी दोन लाख मागणार होतो. मग मानहानी आठवली. पाच केले. त्याला घाम फुटला पाहिजे.

२० जानेवारी
कोर्टातला कारकून म्हणाला, जितकी भरपाई मागाल तितकी कोर्ट फी चढते, तुमची फारच कमी भरली आहे. मी हसलो. नुकसान माझं आणि पैसेही मीच भरायचे? दोन पानी निवेदन दिलं. जज साहेबांनी वाचून मुदत दिली. म्हणजे पॉइंट पटला.

२९ जानेवारी
चहा खारट. कविता म्हणाली, विहिरीचं पाणी. मी म्हटलं, पावडर बदल.

१२ फेब्रुवारी
वाडीतल्या कविताच्या रोपांच्या नर्सरीत कामाला येणारी नवशी सांगत होती, चिकूच्या कलमांची पानं कडेने करपली. थंडी असेल. कविता हल्ली फीच्याच मागे लागली आहे. दोनदा म्हणाली, फी भरा, नाहीतर रक्कम तरी कमी करा. कायद्यातलं तिला काय कळतं! उद्यापासून पहाटे पाचला उठून युक्तिवाद पाठ करायचा.

१३ फेब्रुवारी. साडेनऊ.
आत्ता उठलो. तलावाचे पंप झोपू देत नाहीत. हाही मुद्दा दाव्यात घालणार.

३ मार्च
तारीख. साहेबांनी एवढंच विचारलं, फी भरली का? मी नैसर्गिक न्यायापासून सुरुवात केली. त्यांनी अगदी हळू आवाजात शेवटची मुदत दिली. दबले असावेत.

१७ मार्च
विहिरीत बेडूक दिसत नाहीत. बरं झालं, कटकट गेली. काठावरच्या जुन्या चिकूला हात लावला तर फांदीच हातात आली. चिकू तसा चिवट. फुटेल पुन्हा.

२४ मार्च
दावा नामंजूर. मुदतीत फी भरली नाही म्हणून. विहिरीचं नावही कुणी काढलं नाही. बाहेर कारकुनाने विचारलं, जमीन कोणाची? बायकोची, म्हणालो. तो बघतच राहिला. म्हणाला, अहो, मालमत्तेच्या वादात बाईमाणसाला कोर्ट फी माफ असते, त्यांच्या नावाने टाकायचा ना. मी म्हटलं, कल्पना आहे मला.

एस.टी.त बसायला जागा होती तरी उभाच राहिलो.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
घरी आलो तर दारात टेम्पो. कविताचा भाऊ उमेश आशागडहून आला होता, जगलेली कलमं त्याच्या गोड्या पाण्यावर न्यायला. निम्मी चढवून झाली होती. कविताने विचारलं, काय झालं? निकाल लागला, म्हटलं. आपल्या बाजूने? सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं.

ती रडायलाच लागली. मग कशाला न्यायची म्हणाली, बाबांच्या मातीतच राहू देत. नवशीने कलमं पुन्हा उतरवली. उमेशने माझा हात हातात घेऊन, दाजी, मानलं तुम्हाला, म्हटलं.

टेम्पो रिकामा गेला. कविता अंगणात एकेक कलम ओळीत लावते आहे. पंप कधी बंद होतील, विचारत होती. उद्या, म्हणालो.