ऐकणाऱ्यांचा रकाना

गुरुजी, काल खात्यातली एक मुलगी मला चाळीस पानांचा मसुदा देऊन गेली. सार्वजनिक ग्रंथालयांचा दर्जा कसा ठरवावा, कोणत्या निकषांवर मान्यता द्यावी, याचा. मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी जुनी निरीक्षक म्हणून अजून कधीकधी विचारतात, आणि खोटं कशाला सांगू, विचारलं की मला बरं वाटतं. दुपारी रामदासपेठेतल्या आमच्या गॅलरीत चष्मा लावून बसले. पहिल्याच पानावर 'वाचक' हा शब्द काढून त्याजागी 'वापरकर्ता' घातलेला. मी एकटीच मोठ्याने हसले. स्वयंपाकाच्या बाई दारात येऊन बघून गेल्या. त्या शब्दावर माझ्याबरोबर हसायला तुम्हीच हवे होतात. तुम्ही नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे. तुमच्यापर्यंत पोचायचं नाही हे मला कळतं, पण आज सबंध दुपार मोकळी आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. ग्रंथालयाच्या प्रमाणपत्र परीक्षेचा निकाल नुकताच हातात पडला होता आणि जगातलं सगळं ज्ञान पुस्तकं लावायच्या दहा वर्गांत बसतं अशी माझी खात्री होती. आपलं वाचनालय गांधीबागेत, कापडाच्या दुकानावर, जिना चढून वर. तुम्ही प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, इथले ग्रंथपाल, आणि सकाळी झाडू मारणारेही तुम्हीच. नवा कायदा येऊन काही वर्षं झाली होती. सरकार आता वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देत होतं आणि आपण 'क' मध्ये होतो. 'ब' मिळाला तर वाचनालयाला दुसरं पद मंजूर होणार, ते माझं. नाही मिळाला तर मला घरी जायचं होतं. घरी वर्ध्याच्या काकूंनी एक स्थळ आणून ठेवलं होतं. लग्नाचं मला वावडं नव्हतं, पण त्या घरात पंचांगाखेरीज छापील कागद नव्हता, हे मी पाहुणचाराच्या वेळी चोरून बघून आले होते. वडील म्हणाले, वर्षभरात नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर काकूंना हो म्हणून कळवतो. तेव्हा वर्ग वाचनालयाचा ठरणार होता, पण जीव माझा टांगणीला लागला होता.

पहिल्या आठवड्यात मी तुमची कपाटं मोडली. तुमची मांडणी वाचणाऱ्यांवरून होती: बसून वाचायची, निजून वाचायची, बाईमाणसांनी मागितली तर न विचारता द्यायची. मी म्हणाले, हे शास्त्रीय नाही. तुम्ही म्हणालात, "कर वं तुह्या मनानं. फक्त मले सापडलं पाहिजे." मी तीन दिवस आकडे चिकटवत बसले. विहिरीचं नाव असलेली एक कादंबरी मी न उघडताच शेतीच्या कपाटात, सिंचनाखाली ठेवली. हिंगण्याकडचे एक शेतकरी ती घेऊन गेले आणि चार दिवसांनी परत घेऊन आले. "काय सांगू बाई," ते म्हणाले, "पानी लागते म्हणून वाचत गेलो, तं पानी नाई लागलं, पोरगीच पळून गेली." तुम्ही टेबलावर डोकं ठेवून हसलात. मग त्यांना विचारलंत, पुढचा भाग पाहिजे का, आणि ते लाजून हो म्हणाले. त्यानंतर मी प्रत्येक पुस्तक उघडून बघू लागले. ही माझी खरी परीक्षा, प्रमाणपत्रावर तिचा उल्लेख नाही.

दुपारी एकच्या सुमाराला बाजारात माल उतरवून झाला की हमाल जिना चढून वर येत. जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज आला की तुम्ही हातातलं काम ठेवता, वर्तमानपत्र घेता, खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसता. ते भिंतीला टेकतात. तुम्ही वाचता, शाळेतल्या आवाजात, पण इतकं सावकाश की मला काउंटरवर बसून प्रत्येक शब्द ऐकू येतो. भाव, अपघात, भाषणं, शेवटी रोजची चालू कथा. मुकादम सगळ्यांत वयस्कर, पांढऱ्या मिशांचा. काल कथा कुठे थांबली होती ते तो शब्दासकट सांगतो आणि मगच तुम्ही पुढे वाचता. तुमच्या हजेरीच्या वहीत दोन रकाने होते. एका रकान्यावर तुमच्या वळणदार अक्षरात 'वाचक' आणि दुसऱ्यावर 'ऐकणारे'. वाचक सही करत, ऐकणारे अंगठा लावत. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

मग 'ब' वर्गाचा अर्ज आला. पुस्तकं किती, नियतकालिकं किती, वेळ कोणती, आणि रोजचे सरासरी वाचक किती. ऐकणारे कुठेच नव्हते. मी जुन्या वहीतले नुसते वाचक मोजले तर आपण कमी पडत होतो, आणि हमाल धरले तर आरामात वर जात होतो. मी तुम्हाला म्हणाले, सगळे वाचकच लिहू या. तुम्ही म्हणालात, "ते वाचक नाईत. ऐकणारे आहेत. जे आहे ते लिव." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नवी वही आखली. एकच रकाना, वर ठळक 'वाचक'. हजेरी माझ्याकडे असे, तुम्ही बघत नव्हतात. तीन महिने मी हमालांचे अंगठे त्या रकान्यात घेतले. मला वाटत होतं, मी त्यांचा मानच वाढवते आहे. अर्जावर तुमची सही घेताना मी तो कागद दुसऱ्या कागदांच्या मध्ये ठेवला होता.

निरीक्षक आले ते पुण्याकडचे. बारीक, नीटनेटके, हातरुमालाची घडीसुद्धा सरळ. तुमच्या घरून सांबारवडी आली होती. नाव ऐकून ते म्हणाले, सांबार वेगळ्या वाटीत द्या, मला पातळ लागतं. तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत की आमच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, आणि ते इतके ओशाळले की चार वड्या खाल्ल्या. मला वाटलं, आता काही चिंता नाही. मग त्यांनी हजेरीची वही उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. जांभळ्या शाईचे अंगठेच अंगठे. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचे निम्मे वाचक अंगठेबहाद्दर दिसतात." माझे कान तापले. इतकी साधी गोष्ट माझ्या तीन महिन्यांत लक्षात आली नव्हती. अंगठा लावणारा माणूस वाचक कसा, हे कोणीही विचारलं असतं.

तुम्ही वही हातात घेतली. माझ्या अक्षरातला तो ठळक शब्द वाचलात. माझ्याकडे एकदाच बघितलंत. मग म्हणालात, "रकाना चुकला साहेब. ग्रंथपाल मी आहो, चूक माही." निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात जिना वाजला आणि हमाल वर आले. पाहुणा बघून ते दाराशीच थबकले. तुम्ही त्यांना हाताने बसायला सांगितलंत. निरीक्षकांनी मुकादमाला विचारलं, "तुम्हाला वाचता येतं का हो?" मुकादम म्हणाला, "नाई साहेब. आमाले कायचं येते वाचाले." झालं. मी मनातल्या मनात वर्ध्याच्या घरातलं पंचांग बघू लागले.

तुम्ही नेहमीसारखे सतरंजीवर बसलात आणि वर्तमानपत्र उलगडलंत. अजून एक ओळही वाचली नव्हती. मुकादम पुढे वाकला, पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाला, "गुरुजी, हे गोंदियाचं काय आलं गा आज? आधी थेच वाचा." निरीक्षक उठता उठता थांबले. "गोंदियाचं आहे हे तुम्हाला कसं कळलं?" मुकादमाला प्रश्नच समजला नाही. "हे काय, लिवलं हाय ना. गाठीवर रोज असते." दुसरा म्हणाला, "हे रायपूर. ह्या रायपूरच्या गाठीनं तं माही पाठ मोडली." तिसऱ्याने छिंदवाडा दाखवलं. मग सगळे गुडघ्यांवर येऊन त्या पानावर तुटून पडले. कोणी वणी शोधतो, कोणी बालाघाट, आणि सापडलं की मुलांसारखे ओरडतात. कापडाच्या गाठींवर काळ्या रंगात गावाचं नाव असतं, ते बघूनच कोणती गाठ कोणत्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे टाकायची ते ठरतं. गावांची नावं सोडून त्यांना एक शब्द येत नव्हता, पण गावं मात्र पंचवीस-तीस येत होती.

तुमचा चेहरा मला आजही दिसतो. चष्मा काढून तुम्ही हातात धरला होता. "मले इतके वर्स सांगितलं काहून नाई?" तुम्ही विचारलंत. "तुमी इचारलं कधी?" मुकादम म्हणाला. "आन् ते का वाचनं हाय गुरुजी? ते तं ओळखनं हाय." मग मिशीत हसत, "आन् आमी वाचाले लागलो तं तुमी वाचान काहून मंग?" हसले ते निरीक्षकच आधी. हातरुमालाची घडी मोडून डोळे पुसले, बूट काढले आणि सतरंजीच्या कडेला बसून गोंदियापासून चालू कथेपर्यंत सगळं ऐकलं. मग उठून बूट घातले. वहीत काहीतरी लिहून निघून गेले.

ते गेल्यावर मी रडवेल्या आवाजात म्हणाले, गुरुजी, मी खोटं लिहिलं. तुम्ही कपाटाला कुलूप लावत होतात. पाठमोरेच म्हणालात, "खोट्याचं जाऊ दे वं. तू त्याहिले पुसून टाकलं. वाचक म्हटलं म्हणजे मोठे झाले, अन् ऐकणारे म्हटलं तं कमी होते, असं वाटलं का तुले?" माझ्यावर रागावलेले तुम्ही मला तेवढेच दिसलात. आवाजही चढला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना मला वर्गाची काळजी राहिली नव्हती, एवढी लाज वाटत होती. पुढे निरीक्षक म्हणून विदर्भातली इतकी वाचनालयं तपासली, पण कुठेही शिरले की आधी पुस्तक नसलेला माणूस कुठे बसला आहे आणि तो कशासाठी आला आहे, ते बघायची. याचं श्रेय कोणाला द्यायचं ते अर्जात विचारत नाहीत.

महिन्या-दीड महिन्याने उत्तर आलं. 'ब' वर्ग मिळाला. वाचनकक्षाचा लाभ घेणाऱ्यांत वाचक आणि ऐकणारे दोघांनाही धरलं होतं, आणि खाली शेरा होता: हजेरीच्या नोंदवहीत वाचक व ऐकणारे यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत. तुमचे जुने दोन रकाने सरकारने मोठ्या अक्कलहुशारीने तुम्हालाच सुचवले होते. त्यानंतर दुपारचं वाचन झालं की तुम्ही त्यांना गोंदियातला 'द' धरून 'दर' शोधायला लावत होतात, रायपुरातला 'र' धरून 'रस्ता'. वर्षभरात मुकादमाने सही केली आणि कोणत्या रकान्यात करू म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, कर जिथं मन लागते तिथं. त्याने ती ऐकणाऱ्यांत केली. मी एवढी सुखी त्याआधी कधी नव्हते, आणि ते मला तेव्हाच कळत होतं, हे आणखी सुख.

काल त्या मसुद्यात 'वापरकर्ता' शब्दाच्या शेजारी मी पेन्सिलीने लिहिलं, यात ऐकणारे धरलेत का? ती मुलगी सोमवारी येईल तेव्हा विचारेल, हे काय म्हणून. सांगेन तिला. पण एक गोष्ट तिला सांगता यायची नाही, ती तुम्हालाच सांगायची राहिली आहे. ते सरकारी पाकीट आलं तेव्हा तुम्ही बाइंडरकडे गेला होतात. टपाल ग्रंथपालानेच उघडायचं, हा तुमचा नियम. मी स्टोव्हवरच्या चहाच्या वाफेवर धरून ते उघडलं, वाचलं, खळ लावून पुन्हा चिकटवलं आणि तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही आलात, बघितलंत, आणि उघडलं नाहीत. एक वाजेपर्यंत थांबलात. हमाल आले, टेकले, मग सतरंजीवर बसून पाकीट फोडलंत आणि ते पत्र जावक क्रमांकापासून वर्तमानपत्रासारखं सगळ्यांना वाचून दाखवलंत. शेवटी माझ्याकडे बघून म्हणालात, "तू राहिली वं पोरी आता." मी ढसाढसा रडले आणि मुकादम तुम्हाला विचारत राहिला की वाईट बातमी हाय का. गुरुजी, मला ते दोन तासांपासून माहीत होतं. एकदा कपाटामागे उभी राहून माझं रडून झालं होतं. तरी तुमच्यासमोरचं ते दुसरं रडणंही खरंच होतं.