दांडा वरच राहिला

भूम, सोमवार. पोळा होऊन चार दिवस.

स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

ईट गावच्या पोळ्याचं शूटिंग माझंच होतं. वेशीतून कुणाचा बैल आधी जाणार यावरून दोघा शेतकऱ्यांची जुंपली आणि बिभीषणनं अंकुशच्या तोंडावर कुऱ्हाडीचा दांडा घातला. एकदा नव्हे, चारदा. जबडा फुटला, दात मातीत पडले. अंगावर गुलाल किती अन् रक्त किती, कळेना. मी शूट करतच राहिलो.

दुकानात येऊन सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. माझी नेहमीची पद्धत. पहिली फाईल उघडायची, शेवटची उघडायची, दोन्ही चालल्या की कार्ड कोरं करायचं. मधल्या फायली कोण बघत बसतो? गाढव! आता त्या कार्डावर परवाचं बारसं आहे.

आज अंकुशची बहीण पेन ड्राईव्ह घेऊन दुकानात आली. म्हणाली, "बिभीषण पोलिसांना सांगतोय, दांडा नुसता उगारला, मारलं न्हाय."

फाईल लावली. बिभीषणचा दांडा वर गेला आणि पडदाभर हिरवे चौकोन. कॉपी होतानाच फाईल बिघडलेली, पुढं काहीच नाही. पुन्हा लावली. दांडा वर, चौकोन. माऊस भिंतीवर फेकून फोडला मी.

ती दचकली नाही. म्हणाली, "भाऊ, कॅमेरा तुमच्याच हातात व्हता ना? डोळ्यानं बघितलंय तुमी. मग चला की ठाण्यात, तुमीच सांगा."

बिभीषणचा तो दांडा डोळ्यांपुढून हलेना; साक्ष दिली आणि उद्या तो माझ्याच तोंडावर बसला तर?

दुसरा माऊस जोडला आणि फाईल तिसऱ्यांदा लावली.