पेवाच्या तोंडाशी बसलेल्या मायला

प्रिय माय,

तुझं वर्षश्राद्धही कधीच होऊन गेलं, पण तुला लिहावंसं कधी वाटलं नाही. तुला वाचता कुठे येत होतं? आज लिहिते आहे, कारण तुर्कस्तानातून परत आल्यापासून रोज दिवेलागणीला मागच्या अंगणातून तुझी हाक येते. "मंदे, ओ दे वं." एकदाच. मी हातातलं काम खाली ठेवते आणि गप्प उभी राहते. सांग, काय करू?

तुझ्या नातवानं, नितीननं हट्टानं मला फिरायला नेलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, काय ठेवलंय एवढ्या लांब? अगं, तिथे अख्खं गाव जमिनीखाली ठेवलंय! शेकडो वर्षांपूर्वी माणसांनी खडक कोरून खाली मजल्यावर मजले काढलेत. गोठे, चुली, धान्याच्या खोल्या, प्रार्थनेची जागा. शत्रू आला की माणसं गुराढोरांसकट खाली उतरायची आणि वाटेवर आतून गोल दगड लोटून घ्यायची. आपल्या जात्याची तळी माणसाएवढी केली तर जशी दिसेल, तसा तो दगड. मी त्यावर हात ठेवला. काय भीती असेल त्यांच्या पोटात!

धान्याच्या खोलीत मला आपल्या वडनेरच्या घरचं पेव आठवलं. नितीनला पेव कुठलं माहीत? त्याला सांगितलं, जमिनीत खणलेला रांजणासारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत ज्वारी भरायची, वरून फरशी आणि माती. उघडल्यावरही आत वाईट हवा कोंडलेली असते, उतरलेल्याला गुंगी येते, कधी जीवच जातो. म्हणून एकानं तोंडाशी बसून हाका मारायच्या, आतल्यानं ओ द्यायची. ओ आली नाही की दोर ओढायचा.

तळाची ज्वारी काढायला मला उतरवायचे, कारण मी काडीसारखी. तोंडाशी मात्र तूच बसायचीस, बाबांनाही बसू द्यायची नाहीस. तुझ्या त्या सारख्या हाकांचा काय राग यायचा मला! वर आल्यावर पुन्हा 'आली' म्हणायचं, हा तुझा आणखी एक नियम. "तू आली म्हनशीन नाई, तोवर मी उठत नाई." एकदा मी न म्हणताच खेळायला पळाले. तू मला डोळ्यांनी जाताना पाहिलंस आणि तरी तिथेच बसून राहिलीस, चूल थंड पडली. शेवटी बाबांनी मला धरून आणलं, 'आली' म्हणायला लावलं, तेव्हा कुठे उठलीस. इतका हट्ट काऊन गं?

तर त्या जमिनीखालच्या गावात, अगदी खालच्या मजल्यावर माझे गुडघे भरून आले. सगळे पुढे गेले, मी एका कोरीव कट्ट्यावर टेकले. आवाज लांब गेले. हवा जड होती. मग झोप आली, तुझ्या मांडीवर यायची तशी गोड. वाटलं, पडावं थोडं. तेवढ्यात हवेसाठी वरपासून खोदलेल्या विहिरीतून सरळ खाली आवाज आला.

"मंदे, ओ दे वं."

मला मंदी म्हणणारं आता कोण उरलंय? आणि त्या परक्या मुलखात? पण तोंडातून आपोआप ओ गेली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. नितीन धावत आला तेव्हाही मी ओच देत होते.

त्यानं मला धरून वर उन्हात आणलं, पाणी पाजलं. मग हळूच म्हणाला, "आई, तू कोनाले ओ देऊन राह्यली होती? हाक तं कोनाचीच नोती. तुही ओ आयकू आली, म्हनून तू सापडली."

मी गाडीत बसले, हॉटेलवर आले, मग घरी चिखलीला आले. आणि 'आली' म्हणायचं राहून गेलं.

वडनेरहून वहिनी फोनवर सांगते, मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये, दारात मीठमोहऱ्या टाका. तिला वाटतं, तू मला न्यायला आली आहेस. मला ठाऊक आहे, तू अजून पेवाच्या तोंडाशीच बसली आहेस. 'आली' ऐकल्याशिवाय तू उठशील कशी?

एका शब्दाचं तर काम. पण तो म्हटला की तू उठून जाशील आणि हाक बंद होईल. तुझा आवाज मी विसरत चालले होते, माय. आता तो रोज येतो. अंगावर काटा येतो, आणि तरी दुपारपासून माझं लक्ष मागच्या दाराकडे असतं. हा कसला लोभ?

उद्या सकाळच्या एसटीनं वडनेरला येते. पेव कधीच बुजवलंय, वहिनी तिथे भांडी घासते. तिथे उभी राहून मोठ्यानं "आली वं माय" म्हणेन, शब्द देते. मग ऊठ. किती वेळ बसशील एका जागी?

फक्त आज दिवेलागणीला एकदा हाक मार. आज मी गप्प राहणार नाही.

तुझी,
अजून वर न आलेली,
मंदी