विषय क्रमांक सहा

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि आता मी तुमच्याच खुर्चीत बसते. म्हणजे प्रभारी. दारावर ‘प्रभारी डीन, विद्यार्थी कल्याण’ अशी पाटी आहे, आणि त्यातला पहिला शब्द कधी जातोय याकडे माझे डोळे लागलेत. तुमच्यानंतर मी येईपर्यंत या खुर्चीत बाईमाणूस बसलेलं नाही, हे मला दिवसातून एकदा तरी कुणीतरी ऐकवतंच. उद्या दहा वाजता एका कागदावर सही करायची आहे. आज रविवार, दुपारची जेवणं झालीत, घरात सगळे पडलेत, आणि मला काही झोप लागत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुमच्या हाताखाली लागले तेव्हा मी निपाणीकडच्या तंबाखूवाल्या घरातली पोरगी. घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलायचो, चारचौघांत मात्र मी दोन्हींतही गप्प. एवढ्या मोठ्या विद्यापीठात नोकरी लागली म्हणून आप्पांनी गावभर पेढे वाटले होते. माझी पहिली बैठक आठवते. टेबलाभोवती सगळे पुरुष, तुम्ही आणि मी. शिपाई किटली ठेवून जातो. कप भरायला कुणी हलत नाही, हळूहळू सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. मी उठते. तुम्ही कागदावरून मान वर न करता म्हणता, ‘बस गं खाली.’ एवढंच. मग ज्याचा त्यानं चहा ओतून घेतला. एका सरांनी तर निम्मा फायलीवरच ओतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुमचा इतका राग आला होता म्हणून सांगू!

संध्याकाळी टिळकवाडीत तुमच्या घरी आले, तर ओट्याशी उभ्या राहून तुम्हीच मला चहा करून दिलात. मी फुरंगटून बसलेली.

‘रागावलीस व्हय?’

‘न्हाय, बाई.’

‘रागाव की. पर एक ध्यानात ठेव. तू कप भराय उठलीस की त्यांची बोलणी काय थांबत न्हाईत. परत येऊन बसशील तवर सगळं ठरल्यालं असतंय.’

विद्यापीठात इतकं शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही स्वयंपाकघरात अशा बोलायचात, म्हणून ते मला जास्त खरं वाटायचं.

गेल्या मंगळवारी माझ्या अध्यक्षतेखाली बैठक होती. माझ्याशिवाय एकच बाई, लोंढ्याकडची एक तरुण प्राध्यापिका. मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन आहे. सहावा विषय तिच्या वसतिगृहाचा होता. फाटक नऊऐवजी सातला बंद करायचं, मुलींच्या सुरक्षेसाठी, असा कुलसचिवांचा प्रस्ताव. ग्रंथालय अकरापर्यंत उघडं असतं, आणि मुलांच्या वसतिगृहाला फाटकच नाही. मुलींनी सह्या करून विरोधाचं निवेदन दिलं होतं. ते मांडायला ती पूर्ण तयारीनं आली होती, हातातले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होती. पाचवा विषय संपला. शिपाई रजेवर होता. मी तिला म्हटलं, ‘जरा कॅन्टीनला चहाचं सांगून येतेस का गं?’

हातातले कागद टेबलावर ठेवून ती गेली. परत आली तेव्हा आमचा आठवा विषय चालला होता. इतिवृत्तात आता टाइप होऊन आलंय, ‘विषय क्रमांक सहा सर्वानुमते मंजूर.’ उद्याची सही त्यावर.

सही नाही केली तर विषय पुन्हा उघडावा लागेल. कुलसचिव तोंड वाकडं करतील, या मॅडमना साधी बैठक सांभाळता येत नाही असं वर जाईल, आणि मी जन्मभर प्रभारीच. सही केली तर परवापासून सगळ्या मुली सातच्या आत. काल ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर दोघीजणी भेटल्या. एक म्हणाली, ‘मॅडम, तुमी हाय म्हणून आमास्नी काळजी न्हाय बघा.’ मी हसले आणि ग्रंथालयात जायचं सोडून गाडीत येऊन बसले. ती वॉर्डन मात्र मला एका शब्दानं बोललेली नाही. रोज नमस्कार करते. तो नमस्कार चुकवायला मी हल्ली मागच्या जिन्यानं जाते.

सगळ्यांना सांगत सुटलेय की गडबडीत माझ्या लक्षातच आलं नाही. नवऱ्यालाही तेच सांगितलं. खोटं आहे, बाई. ती बोलली असती तर मला सगळ्यांदेखत कुणाची तरी बाजू घ्यावी लागली असती. पुढचा विषय कोणता हे मला माहीत होतं. माझ्यासमोर टेबलावर फोन होता आणि कॅन्टीनचा नंबर मला पाठ आहे. हे खरं तर तिच्या खोलीत जाऊन तिला सांगायला हवं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.