माझ्या वेबसाइटवरचं चौथं पान

दारव्हा,
११ मार्च २००७

प्रिय मधुवंती,

पाच महिने मी तुझ्या एका शब्दाची वाट पाहतो आहे. दिवाळीत फोनवर तुला मी माझ्या वेबसाइटचा पत्ता एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावला. चौथं पान नक्की वाच, असं दोनदा बजावलं. आठवड्याने तू म्हणालीस, "पाहिलं बाबा, छान आहे," आणि लगेच आईला फोन द्यायला सांगितलंस. छान? त्या पानावर मी जे लिहिलं होतं त्याला कोणी छान म्हणणार नाही. मी समजलो, पोरीने मला मनातून कायमचं काढून टाकलं. तेव्हापासून तुझा फोन आला की मी ओट्यावर जाऊन बसतो. तुझ्या आईला वाटतं, मला हल्ली ऐकू कमी येतं.

कॉम्प्युटरच्या नावाने बोटं मोडणाऱ्या माणसाने वेबसाइट कशी काढली, याचं तुला नवल वाटलं असेल. गेल्या जूनमध्ये आपलं टायपिंग इन्स्टिट्यूट मी बंद केलं. वेचणी आटोपली की खेड्यांतली मुलं नाव घालायला यायची आणि जानेवारीत आपल्या तिन्ही बॅच भरायच्या, हे तू पाहिलं आहेस. कापसाने मार खाल्ला तशी आधी संध्याकाळची बॅच गेली, मग दुपारची. शेवटच्या वर्षी दोन मुली उरल्या होत्या, त्यातल्या एकीचं लग्न ठरलं. हबीबभाईंनी वीस वर्षं ज्या मशिनी दुरुस्त केल्या, त्या शेवटी त्यांनीच हातगाडीवर घालून नेल्या. निघताना आम्ही दोघं फक्त मशिनींच्या वजनाविषयी बोललो. त्यांची अतिया, तुझ्या बॅचची, आता बसस्टँडसमोर सायबर कॅफे चालवते. तिनेच मला बोलावून खुर्चीत बसवलं. "सर, बोटं कायले रिकामी ठेवता? सोताची वेबसाइट बनवा. फुकट बनते."

साठीनंतर शिष्य होणं सोपं नाही, मधू. पहिल्या दिवशी मथळा मधोमध आणायला मी आपल्या पद्धतीने ओळीत किती जागा उरते ते मोजलं आणि तिच्या निम्मे वेळा स्पेसबार दाबला. पान उघडलं तर मथळा डाव्या कडेला चिकटलेला. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. "तुझी मशीन बिघडली आहे," म्हणून मी अतियावर ओरडलो. ती म्हणाली, "सर, मोकळ्या जागा हे मोजतच नाही. मधात आण म्हणून त्याले सांगा लागते." तीस वर्षं मुलांच्या बोटांवर पट्टी मारली, आणि आता मान खाली घालून वहीत लिहून घेत होतो. मराठी मात्र आपल्याच टाइपरायटरच्या कळफलकाने उमटत होतं, त्याने मी हुरळून गेलो. पहिलं पान माझ्याबद्दल, दुसरं इन्स्टिट्यूटचं, तिसऱ्यावर पास झालेल्या मुलांची नावं. चौथं तुझ्यासाठी. ते लिहायला मला तीन दुपारी लागल्या. अतियाने वाचलं असणार. तिने पंखा माझ्याकडे वळवला.

परवा शुक्रवारी लोहाऱ्याला तुझ्या चुलतभावाकडे, अवधूतकडे गेलो होतो. त्याच्या कारखान्याच्या ऑफिसात मोठ्या ऐटीने माझी वेबसाइट उघडायला लावली. पडद्यावर नुसते कंस, टिंबं आणि कशाचाही कशाला मेळ नसलेली इंग्रजी अक्षरं. अवधूत म्हणाला, "काका, हे काय लिहून राह्यले तुम्ही? मले तर एक अक्षर लागत नाही." मग त्यानेच उलगडा केला. मी ज्या फॉन्टमध्ये लिहिलं तो अतियाच्या कॉम्प्युटरवर आहे. ज्या कॉम्प्युटरवर तो नसेल, तिथे असाच कचरा दिसतो. म्हणजे जबलपूरला तुलाही हेच दिसलं. म्हाताऱ्याने हौसेने काहीतरी केलं आहे, त्याचं मन मोडू नये म्हणून तू छान म्हणालीस. इतकं सांभाळून घ्यावं अशी माझी लायकी नाही. परतताना बसमध्ये मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

तो फॉन्ट तुला पाठवता येतो, असं अवधूत म्हणाला. मी नको म्हटलं. तोंडाने सांगायची छाती नव्हती म्हणून मी वेबसाइटचा आडोसा घेतला होता, हे मला त्या बसमध्येच कळलं. काल सकाळी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझं ताट वाढते आणि आत जाते.

तर त्या पानावर हे होतं. २००१च्या जुलैत तू रोज दारात उभी राहून पोस्टमनची वाट पाहायचीस, पुण्याच्या कॉम्प्युटर कोर्सला आपला नंबर लागला का हे कळावं म्हणून. पत्र आलं होतं. तू सकाळच्या बॅचला शिकवत होतीस, ते माझ्या हाती पडलं. मी ते फोडलं, वाचलं आणि रिबनच्या डब्याखाली ठेवून दिलं. तू गेलीस तर इन्स्टिट्यूट चालणार नाही, ही भीती होती. माझ्याच मुलीने कॉम्प्युटर शिकायला जावं, याचा रागही होता. हजर व्हायची तारीख उलटेपर्यंत मी गप्प राहिलो. "बाबा, मी कमी पडली," असं तू म्हणालीस आणि मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची मला आजही लाज वाटते. अतियाजवळ बसून चार साधी पानं उभी करताना, तुझं काय हिरावून घेतलं ते मला समजलं. मी क्षमा मागतो. तू ती करावीस असा हट्ट नाही. पुण्याचं ते पत्र सोबत ठेवलं आहे. पहिल्याच ओळीत तुझी निवड झाल्याचं लिहिलं आहे, आणि खाली यादी आहे. तिच्यात सगळ्यात वर तुझं नाव आहे.

तुझाच अपराधी,
बाबा