हॅनोव्हरचं स्थळ

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
निर्णय झाला. कुत्रा घ्यायचा.
एकटेपणाशी काहीही संबंध नाही. मार्चपासून सुलेखा आणि उर्जा बर्लिनला आहेत, पण ते तात्पुरतं. बायकोला तिकडे जॉब लागला, मुलीची शाळा आईबरोबर, एवढंच. कार्ल्सरूहेच्या या तीन खोल्यांत मी मजेत आहे. काल पोळ्यासुद्धा केल्या. दोन. एक उरली.
उर्जा आठ वर्षांची असल्यापासून कुत्रा मागत होती आणि मी नाही म्हणत होतो. आता दारात कुत्रा उभा असला की पोरगी शाळेच्या शरद ऋतूतल्या सुट्टीत धावत येणार. पाठोपाठ आई. मग कोण कशाला परत जातंय? सरळ प्लॅन आहे.

३ सप्टेंबर, बुधवार
जात ठरली. हॅनोव्हरियन श्वाइसहुंड. नेटवर अख्खी प्रोफाइल वाचली. मध्यम बांधा, लालसर तपकिरी अंग, मोठे लोंबते कान, कपाळाला आठ्या. जखमी हरणाचा माग दुसऱ्या दिवशीसुद्धा काढतो. स्वभाव : शांत, संयमी, एकाच माणसाला जीव लावणारा, परक्यांशी जेमतेम.
गहिवरलो. हे माझंच वर्णन आहे. आठ्यांसकट.
खाली एक ओळ : फक्त शिकाऱ्यांनाच दिला जाईल. दुर्लक्ष केलं. अशा अपेक्षा सगळेच लिहितात. सुलेखाच्या वडिलांनीही ‘डॉक्टरच हवा’ असं छापलं होतं. बोहल्यावर शेवटी मी चढलो. माणूस प्रत्यक्ष भेटला की अटी सैल होतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार
श्वार्त्सवाल्डच्या डोंगरांच्या पायथ्याशी एका खेड्यात फ्राऊ ब्रेन्नेके नावाच्या बाई हे कुत्रे पाळतात, पिल्लं देतात. त्यांना मेल केला. सोबत एक पानी बायोडेटा. सुटातला फोटो, उंची, शिक्षण, पर्मनंट नोकरी, निर्व्यसनी, शाकाहारी. गोत्र गाळलं. तेवढं भान आहे मला.

७ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी
बर्लिनला फोन. सरप्राइज ठेवायचं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. उर्जा जर्मनमध्ये म्हणाली, पापा, मला कुत्रा आठव्या वर्षी हवा होता, आता मी पंधरा वर्षांची आहे. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच! ती म्हणाली, होमवर्क आहे.
सुलेखाने फोन घेतला आणि विचारलं, अहो, नीट जेवता ना? म्हणजे काळजी वाटते. चांगली खूण आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार
फ्राऊंचं उत्तर. एकच ओळ : शनिवारी या, बोलू.
स्थळ पुढे सरकलं! उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालणार.

१० सप्टेंबर, बुधवार
पाऊस. शिवाय नवीन बूट लागतात.

१३ सप्टेंबर, शनिवार
पाहण्याचा कार्यक्रम झाला. पेढे नेले होते. फ्राऊंनी विचारलं, कुठल्या जंगलात शिकार करता? म्हटलं, मी शाकाहारी, बायोडेटात लिहिलंय. त्या म्हणाल्या, ती मला गंमत वाटली. मग विचारलं, दिवसभर घरी कोण असतं?
कोणी नाही, असं म्हणालो. हे मोठ्याने म्हणायची पहिलीच वेळ.  लगेच पेढ्यांचा डबा पुढे केला.
पिल्लू मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण त्यांच्या फाल्का नावाच्या तरुण कुत्रीचं ट्रेनिंग चालू आहे, त्यासाठी जंगलात खोटा माग पाडायला माणूस हवाय. पुढच्या शनिवारी येता का? म्हणजे नकार नव्हे. आपल्याकडे याला ‘कळवतो’ म्हणतात.
फाल्काने मला एकदा हुंगलं आणि निघून गेली. परक्यांशी जेमतेम. संस्कार चांगले आहेत.

२० सप्टेंबर, शनिवार. दुपारी ४
काम असं : बुटांना हरणाचे खूर बांधायचे, झाडीतून किलोमीटरभर चालायचं, शेवटी हरणाचं कातडं ठेवायचं. त्याच मागावरून फाल्का येणार. शाकाहारी पायांना खूर! पण संसारासाठी माणूस काय करत नाही?
साडेअकराला कातडं ठेवलं आणि जवळच्या ओंडक्यावर बसलो. फाल्का मला शोधून काढणार, ओळख पक्की होणार, फ्राऊ विरघळणार. फोटोसाठी केस विंचरले. पोळी-लोणचं खाल्लं. एक वाजला. दोन वाजले. कोणीतरी आपल्याला शोधत येतंय या कल्पनेनेच इतकं बरं वाटत होतं की डास चावलेले कळले नाहीत.
दोन वीसला फ्राऊंचा फोन. तुमची गाडी अजून इथे कशी? माग रात्रभर मुरू द्यावा लागतो, कुत्री उद्या येणार. आणि ती कातडं शोधणार, तुम्हाला नाही. तुम्ही केव्हाच घरी जायचं होतं.
हे नीट सांगायला नको? (सांगितलं होतं. मी नुसता हो, हो करत होतो.)

२१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ६
पुन्हा फ्राऊंचा फोन. फाल्काने माग अगदी बरोबर काढला, पण कातड्याच्या अलीकडे ओंडक्यापाशी थांबली. पंधरा मिनिटं हलेना. कातड्याकडे बघेना. शेवटी ओढून न्यावी लागली. तुम्ही तीन तास तिथे बसलात, माझ्या कुत्रीचं काम बिघडवलंत, यापुढे मी दुसरा माणूस बघते.
मी विचारलं, पंधरा मिनिटं? त्या म्हणाल्या, निदान.
हे सांगायला लगेच बर्लिनला फोन लावला. उर्जाने उचलला नाही. सुलेखानेही नाही. घर फार रिकामं आहे. लिहायचं नाही म्हणत होतो, पण आहे.
आत्ता सुलेखाचा मेसेज आला : अहो, उर्जाच्या मैत्रिणींबरोबर बाहेर आहोत. काही अर्जंट होतं का?
मी बसलो होतो तिथे कोणीतरी पंधरा मिनिटं थांबलं, हे अर्जंट आहे की नाही, ते मला ठरवता येईना. ‘नाही’ असं लिहून पाठवलं.