कोवळं पीस

शेतातल्या शेडवरून, ता. मंठा
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

प्रिय अंगद,

नमस्कार. पाकीट पाहून लगेच फाडू नको. तू मला फोनवर, बाकी सगळीकडं ब्लॉक करून टाकलंस, म्हणून वहीची पानं फाडून लिहून राह्यलो. आमच्या शेडवर कामाला असलेले पुंजारामतात्या उद्या तुमच्या गावाला लेकीकडं जाणार आहेत, त्यांच्या हाती देतो. आठ दिवसांच्या रजेचा अर्ज सोडला तर कागदावर कुणाला काही लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुझी तब्येत बरी असंल. पेपर चांगले गेले असतील. उषाकाकूंच्या गुडघ्याला आराम पडला का? काकांना माझा नमस्कार सांग असं लिहिणार होतो, पण नको, सांगू नको.

इकडं मी खुशाल. जेवतो, झोपतो, पाखरं सांभाळतो. कॉलेज मीच सोडलं असं आल्यागेल्याला सांगतो. तुला ते सांगून उपयोग न्हाई, तुला माहीतच आहे. स्टँडवरच्या त्या दिवसानंतर आबांनी मला उचलून शेतात आणून टाकलं. म्हणाले, "येणारी पाखरं विकेपर्यंत गावात पाय ठेवायचा न्हाई. तोंड काळं करून आलास, आता कोंबड्यांना दाखव." पहिला आठवडा तर बाहेरून कडी लावून जायचे. मी दाराला लाथा घातल्या, पत्रा वाकवला. आता कडी नसते. तरी मी बसूनच आहे. जाऊ कुठं? जाळीतून आपला फाटा दिसतो. सव्वादहाची मंठा गाडी थांबते, पोरं चढतात, गाडी निघून जाते. मंग मी भांडी धुतो.

पिल्लं २७ डिसेंबरला आली. तीनशे. खोक्यांना भोकं पाडलेली, अन् आत नुसता चिवचिवाट. एका मुठीत दोन मावतील एवढी. तात्यांनी शिकवलं तसं एकेकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवून पाजली. भुश्शावर पेपर अंथरले, पत्र्याचं गोल कडं केलं, मधे बल्ब टांगले. यंदा थंडी किती होती तुला माहीत आहे. थंडी वाजली की ही एकमेकांच्या अंगावर चढतात, अन् खालची गुदमरून जातात. पहिल्या तीन दिवसांत अकरा गेली. मी रडलो. हे कुणाला सांगू नको.

पाचव्या दिवशी पंखाच्या कडेला बारीक पांढऱ्या काड्या दिसल्या. मला वाटलं काही रोग आला. तात्या हसून हसून खोकले. काडीच्या आत पीस गुंडाळलेलं असतं रे. बोंड उकलावं तसं टोक फुटतं अन् पीस बाहेर पडतं. आधी पंख, मंग शेपूट, मंग खांदे अन् पाठ. मान सगळ्यात शेवटी. तलंगींना, म्हणजे माद्यांना, लवकर येतात, कोंबडे मागं राहतात, त्यांची पाठ उघडीच. आज सत्ताविसावा दिवस आहे अन् सगळी एकदम भंगार दिसून राह्यली. अर्धी लव, अर्धं पीस, मान बोडकी.

तात्या म्हणतात, "तुह्यावानीच झाले हे कोंबडे. धड पोरगं न्हाई, धड माणूस न्हाई."

मी म्हटलं, "तात्या, तोंड सांभाळून बोला."

"तेच म्हणतो मी. तुरा फुटला न्हाई तं भांडायला उभा!"

पण खरं सांगू का, अंगद, सकाळी शेडात गेलो अन् एका रात्रीत कुणाला शेपटीत दोन पिसं आलेली दिसली, की मला बरं वाटतं. दिवसभरात तेवढंच.

त्यातली एक तलंग माझी लाडकी होती. तपकिरी, खांद्यावर सोनेरी झाक. सगळ्यांच्या आधी तिची पिसं पुरी होत आल्ती. परवा मंगळवारी दुपारी तिला हातात घ्यावं वाटलं. ती पळाली. मी मागं. ती भांड्याखालून निघून पलीकडं गेली, मी पलीकडं. शेवटी कोपऱ्यात गाठून पंखालाच धरलं. कोवळ्या पिसाच्या काडीत रक्त असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन काड्या कटकन मोडल्या. थेंबभर रक्त आलं. मी घाबरलो, तिला तिथंच खाली सोडलं अन् हळद आणायला खोलीकडं पळालो. परत आलो तर तीस-चाळीस जणी तिच्यावर तुटून पडलेल्या. लाल दिसलं की पाखरं टोचतात. एकीनं टोचलं म्हणून दुसरी टोचते, दुसरीला पाहून तिसरी. तात्यांनी तिला उचललं, हळद भरली अन् वेगळी बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवली.

मी म्हटलं, "तात्या, मी तर मायेनं धरायला गेल्तो."

"ती पळून राह्यली व्हती ना?"

"हो."

"मंग?"

एवढंच बोलले अन् पाण्याची भांडी घासायला गेले. बुधवारी सकाळी ती मेली. बांधावर पुरली.

तू म्हणशील, हा कोंबड्यांचं पुराण काय लावून बसला. मी टाळून राह्यलो, दुसरं काय. चार पानं भरली तरी मुद्द्यावर यायची हिंमत होईना.

काल संध्याकाळी आबा आले. खाद्याच्या पोत्यावर बसले अन् हसले. महिना-दीड महिन्यात पहिल्यांदा हसले माझ्याकडं पाहून. म्हणाले, "जाफराबादच्या पाव्हण्यांनी अंगदच्या बापाला, भारतला, पोरीसाठी नकार कळवला. त्यांच्या कानावर सगळं गेलं. आता भारत स्वतःच मला बोलला, की झालं ते झालं, पोरगी तुमच्याच घरात द्यावी म्हणतो. रविवारी बैठक हाये." मंग माझ्या पाठीवर थाप मारली. "तुह्यासारख्या येड्याला घरबसल्या मिळून राह्यली. आजपासून शेडाबिडाची शिक्षा खतम. दाढी कर."

तुझ्यापासून काय लपवायचं. ते गेल्यावर मी नाचलो. एकटाच, शेडात. पाखरं भिऊन पार पलीकडच्या जाळीला जाऊन चिकटली, तवा थांबलो.

आता ऐक. हरिओमला मी त्या दिवशी स्टँडवर मारलं, तवा तो तुझ्या बहिणीला, प्रीतीला प्रॅक्टिकलची वही परत देऊन राह्यला होता. बस्स, तेवढंच. माझं डोकं फिरलं. मी त्याचं नाक फोडलं अन् सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडलो, "आमचं ठरलंय! तिच्याशी कुणी बोलायचं न्हाई!" तू माझी कॉलर धरलीस. विचारलंस, "कल्याण, खरं बोल." अन् मी तुझ्या डोळ्यात पाहून मायची शप्पथ घेतली.

खोटी घेतली.

प्रीती मला कधीच हो म्हणाली न्हाई. मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा ती हसून न्हाई म्हणाली. दुसऱ्यांदा हसली न्हाई. तिसऱ्यांदा तिनं गाडीच बदलली, सव्वादहाची सोडून नऊची पकडायला लागली. मंग मीही नऊची पकडायला लागलो. लोकं म्हणाली, दोघं एकाच गाडीनं जातात. मी ऐकत राह्यलो. मला ते गोड लागत होतं.

तू माझी कॉलर धरली होतीस तवा ती तुझ्या मागं उभी होती. ती म्हणाली, "कल्याण, मी तुला कधी म्हटलं?" गाडीच्या हॉर्नमधे तुला ते ऐकू गेलं नसंल. मला गेलं.

त्यानंतर तुम्ही तिचं कॉलेज बंद केलं, फोन काढून घेतला. मला इथं कोंडलं ते माझ्या करणीनं. तिला कशापायी कोंडलंत?

मी आजवर का बोललो न्हाई, ते पण सांगतो. भीती होतीच. मागच्या हप्त्यात मायला ताप आला, तर मला वाटलं शप्पथ लागली. डबा घेऊन आली तवा तीच म्हणे, "माझी शप्पथ घेतली व्हती म्हणं तू. मी तं जित्ती हाये, म्हंजे तू खरंच बोललास." मी डबा उघडून भाकरी खाल्ली. पण भीतीपेक्षा दुसरंच मोठं होतं. खोटं का होईना, लोकं आमची दोघांची नावं एका दमात घेत होती. तेवढंच माझ्याजवळ होतं. ते सोडायचं माझ्या जिवावर आलं.

मला ती पाहिजे, अंगद. आजही पाहिजे, हे लिहितानाही. रविवारी मी नुसतं गप बसलो तर मिळते. कुणाला मारायचं न्हाई, काही बोलायचं न्हाई, फक्त दाढी करून बसायचं. सकाळपासून हेच घोळवून राह्यलो. पण ती आमच्या घरात येईल, मला पाण्याचा तांब्या देईल, अन् माझ्याकडं पाहील. तोंडानं काही बोलणार न्हाई. पण स्टँडवरचं तेच विचारील. रोज. मी तिला काय सांगू? अन् तिथून तर मला बाहेर काढायला कुणीच न्हाई येणार. तिला पण न्हाई.

म्हणून हे पत्र बैठकीत वाच. मोठ्यानं वाच. आबा समोर बसलेले असतील, ते उठून चालते होतील, होऊ दे. त्यांचं मी पाहून घेईन. काकांनी ऐकलं पाहिजे, अन् जाफराबादच्यांना निरोप गेला पाहिजे की पोरीचा यात काडीचा दोष न्हाई. ते परत आले काय न् न्हाई काय, पाव्हण्यांची एवढी जल्दी करू नका. तिला आधी कॉलेजला पाठवा. तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत मी मंठ्यात पाय ठेवणार न्हाई. तुला मारायला यायचं असंल तर ये, मी शेडावरच आहे. हात बांधून उभा राहीन असं मात्र म्हणत न्हाई, माझा स्वभाव तुला माहीत आहे. हरिओमची माफी मी स्वतः मागीन, त्यात तू पडू नको.

प्रीतीला हे वाचून दाखवायची गरज न्हाई. यातलं सगळं तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिला फक्त कुणी विचारलं न्हाई.

'तुझा मित्र' असं लिहिलं होतं, ते खोडलं. सही पूर्ण नावानं करतो, म्हणजे हे दुसऱ्या कुणी लिहिलं असं आबांना म्हणता येणार न्हाई.

कल्याण कचरू सोळंके